आंतरराष्ट्रीय सहकार्य, बारा टक्के

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या सरांनी सूर्यालासुद्धा वार्षिक उद्दिष्ट नेमून दिलं असतं. तो त्यांच्या आधी कामाला लागतो, म्हणून ते राहून गेलं. बाकी त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आलेली एकही वस्तू, एकही माणूस आणि एकही बकरी उद्दिष्टातून सुटलेली मी पाहिली नाही. इरा, नील, तुम्ही त्यांना ओळखता. फोनमध्ये ज्यांचं कपाळच तेवढं दिसायचं, तेच हे. तुम्ही त्यांना कपाशीवाले आजोबा म्हणता. पण त्यांच्या अहवालात तुम्ही दोघं कोण आहात हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून ही तुमची आजी हे लिहायला बसली आहे. वाचताना अडलात तर आई वाचून दाखवेल.

सर इथे घाटंजीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी एकदा नागपूरला कसल्याशा कार्यशाळेत दोन दिवस काढले आणि परत येताना पुढच्या अनेक वर्षांची उद्दिष्टं घेऊन आले. दर वर्षी कोणतं उद्दिष्ट किती टक्के पुरं झालं, याचा अहवाल कोणीतरी लिहायचा होता. सभेत सगळ्यांनी खाली पाहिलं. सर त्या वेळी खिडकीतून बाहेरच्या बुचाच्या झाडाकडे पाहत होते, त्यामुळे त्यांना खाली पाहायचं सुचलं नाही आणि काम त्यांच्याकडे आलं. एखाद्याला सर्दी व्हावी तशी त्यांना टक्केवारी झाली, आणि ती बरी झालीच नाही. जेवण झालं का विचारलं तर म्हणायचे, "सत्तर टक्के. भात बाकी आहे." स्वतःच्या मुलीच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, घामाघूम झालेल्या व्याह्यांच्या कानात त्यांनी दिलासा दिला होता, "साठ टक्के झालं, आता उतार आहे."

घरातही तेच. एका वर्षी त्यांनी आमच्या वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, लिंबाच्या लोणच्याला गुणवत्तावाढीचं उद्दिष्ट दिलं आणि चार घरी वाटी पाठवून अभिप्राय मागवला. मी सरळपणे 'मीठ कमी' असं कळवलं. वहिनी पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलायच्या त्या फक्त मांजरामार्फत. मग त्यांनी सरांनाच एक उद्दिष्ट दिलं: आंघोळीनंतर ओला टॉवेल पलंगावर टाकायचा नाही. दर पाडव्याला, गुढीला नैवेद्य दाखवून झाला की वहिनी विचारत, "टॉवेलचं सांगा आता." सर मान खाली घालून म्हणत, "शून्य." वहिनी मला म्हणाल्या होत्या, "सुधरत नाई तो नाई, पन खोटं कधी बोलत नाई, बाप्पा. दुसरीचा नवरा असता त पन्नास टक्के तरी सांगतले असते."

हीच त्यांची खरी अडचण होती. टक्के मोजायचं वेड पुष्कळांना असतं. हे मोजलेलं तसंच लिहायचे. आवार हिरवं करायचं उद्दिष्ट होतं, म्हणून कॉलेजने रोपं लावली. कुंपणापलीकडे रहीमभाईंचं पंक्चरचं दुकान, आणि दुकानामागे त्यांच्या बकऱ्या. अहवालात सरांनी तीन रकाने पाडले: लावलेली, जगलेली, खाल्लेली. तिसरा रकाना भरगच्च झाला. प्राचार्य म्हणाले, तो तेवढा काढून टाका. सर म्हणाले, "खाल्ली तर खाल्लीच लिहावं लागेल. आपण काय बकऱ्यांवर उपाशी असल्याचा आळ घ्यायचा?" त्याऐवजी त्यांनी रहीमभाईंना रीतसर हरित समितीवर घेतलं. पहिल्याच बैठकीत रहीमभाईंनी चहा घेऊन शांतपणे बाजू मांडली, "सर, मेरे को समझ गया. लेकिन बकरी को उद्दिष्ट नहीं समझता. उसको पत्ता समझता." सरांनी हे वाक्य शब्दशः इतिवृत्तात घेतलं. त्यानंतर समितीची बैठक असेल त्या दिवशी बकऱ्या बांधलेल्या असत, कारण त्यांचा मालक बैठकीत असे.

हे सगळं एकवेळ चाललं असतं. पण यादीत सातव्या क्रमांकावर एक उद्दिष्ट होतं, आंतरराष्ट्रीय सहकार्य. त्या काळात बाहेरच्या जगाचं घाटंजीशी असलेलं सहकार्य म्हणजे पांढरकवड्याहून येणारी एसटी, आणि तेही तिच्या मनावर. सरांनी परदेशातल्या विद्यापीठांना ईमेल पाठवल्या. इंग्रजी तपासायला त्या माझ्याकडे यायच्या, म्हणून मला माहीत आहे. त्या फार नम्र होत्या, काही तर इतक्या नम्र की मदत कोण कोणाकडे मागतंय ते कळत नसे. एकाच ठिकाणाहून उत्तर आलं. सर उत्तराचा छापील कागद घेऊन रस्ता ओलांडून धावत आले. मी वाचलं. ज्यांना लिहिलं होतं त्या बाई सुट्टीवर असून सोमवारी परत येतील, असं त्यांच्या संगणकाने आपणहून कळवलं होतं. "हे पाच टक्के धरता येतील का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हे माणसाने लिहिलेलं नाही. त्यांनी घडी घालून कागद खिशात ठेवला आणि पुन्हा शून्य लिहिलं. असं वर्षामागून वर्ष.

मग विद्यापीठाची समिती येणार असल्याचं कळलं. बी.एस्सी.ची तुकडी पुढे चालू ठेवायची की बंद करायची हे ती ठरवणार होती, आणि कोणत्याही उद्दिष्टापुढे शून्य असलं तर कठीण आहे असं अध्यक्षांच्या कानावर आलं होतं. तुकडी बंद पडली तर पुढचं शिक्षण यवतमाळला. मुलं गेली असती. मुलींचं तसं नव्हतं. सरांच्या वर्गात सविता नावाची एक हुशार मुलगी होती, तांड्यावरून रोज काळीपिवळी जीपने यायची. तिच्या वडिलांनी बाजारात सरांना स्वच्छ सांगितलं होतं, "घाटंजीवरी ठीक हाय, सर. यवतमाळले नाई धाडत. मंग पोरगी घरीच राहीन." प्राचार्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. "एखाद्या विद्यापीठाचं नाव टाका. कोण जातंय तिकडे बघायला?" सर त्या दिवशी संध्याकाळी आमच्या ओसरीवर आले आणि चहाचा कप तसाच बाजूला ठेवला. मग मला म्हणाले (मलाही ते वहिनीच म्हणतात), "वहिनी, पोरी घरी बसतील. आणि मले ते नाव लिहिता येत नाई. हात उठत नाई." एरवी ते माझ्याशी पुस्तकी भाषेत बोलतात, वऱ्हाडीत आले की समजायचं, दुखतंय.

पुढचा रविवार. दुपारी तुमचा हॉलंडमधून, आइंडहोवनहून फोन यायची वेळ, आणि सर आमच्या ओसरीवरच्या खुर्चीत अहवालाचा कच्चा मसुदा घेऊन बसलेले. इरा, तू तेव्हा आठ वर्षांची. बाईंनी वर्गात ओल्या कापसात घेवड्याची बी रुजवायला सांगितली होती. तू मला बी दाखवलीस आणि विचारलंस, "आजी, कापूस कुठल्या फॅक्टरीत करतात?" मी काही बोलायच्या आत सर उभे राहिले होते. "वहिनी, तो फोन मले द्या." त्यांनी फोन घेतला आणि निघाले. ते पुढे, मी मागे, आणि फोनमध्ये तुम्ही दोघं आमच्या गल्लीवरचं आभाळ पाहत. कॉलेजच्या मागच्या शेतात कपाशी बोंडावर आली होती. तिथे रेंज फक्त बांधावरच्या कडुनिंबाखाली येते, हा शोध त्या दिवशी लागला. सरांनी फुटलेलं बोंड फोनसमोर धरलं. तू पडद्याच्या अगदी जवळ आलीस. मग म्हणालीस, "ते झाडावर का ठेवलंय?"

त्यानंतरच्या रविवारी कडुनिंबाखाली तिसऱ्या वर्षाच्या मुली दाटीवाटीने उभ्या होत्या. सविताने तुम्हाला पातं म्हणजे कळी, मग फूल, मग बोंड असं समजावलं. एक बोंड उकललं तर आत गुलाबी अळी निघाली. इरा किंचाळली आणि नीलने ती मागितली. ती पाठवता येत नाही हे कळल्यावर त्याने लांबूनच तिचं नाव पीटर ठेवलं. मग तुझ्या बाईंना हे कळलं आणि एका दुपारी तुमचा अख्खा वर्ग पडद्यावर आला. सविता इंग्रजीतून बोलली. तिची तयारी मी करून घेतली होती, पण उभी ती एकटी राहिली. बदल्यात तुमच्या वर्गाने घेवड्याचे कोंब दाखवले आणि सांगितलं की आमच्या देशातली बरीचशी जमीन समुद्राहून खाली आहे, म्हणून आम्ही रात्रंदिवस पाणी उपसून बाहेर टाकतो. मी ते मराठीत सांगितलं. इथे एका पावसाची वाट बघत कपाशी उभी असते. मागून एक मुलगी म्हणाली, "फेकून कायले राह्यले, बाई? इकडे पाठवा म्हना न."

समिती आली. मला इंग्रजीची स्थानिक सल्लागार म्हणून शेवटच्या खुर्चीवर बसवलं होतं. आवार पाहताना काय व्हायचं ते झालं. रहीमभाई स्वागताच्या घाईत फाटकाशी, आणि बकऱ्या बांधायच्या राहून गेल्या. पाहुणे वळले आणि समोर दोन बकऱ्या उरलेलं एक रोप उरकत होत्या. प्राचार्य म्हणाले, ही बाहेरची जनावरं आहेत. सर म्हणाले, "नाही, सर. तिसऱ्या रकान्यातली." मग सगळे सभागृहात बसले आणि समितीचे प्रमुख, गडद कोटातले, मोजकं बोलणारे गृहस्थ, सातव्या क्रमांकावर आले.

"परदेशी संस्था कोणती?"

"प्राथमिक शाळा, सर. हॉलंडची."

"करार झालाय?"

"नाही. चित्रं आहेत." सरांनी तुमच्या वर्गाची चित्रं टेबलावर पसरली. सगळ्यांत वर नीलचा पीटर होता, टोपी घातलेला.

"तिकडून समन्वय कोण करतं?"

"इरा. वय आठ," सर म्हणाले, आणि प्रामाणिकपणा पुरा करण्यासाठी माझ्याकडे बोट केलं, "यांची नात." प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले.

प्रमुखांनी चष्मा काढला. "अहो, सगळे एखाद्या विद्यापीठाचं नाव लिहितात. तुम्ही का नाही लिहिलं?"

"तुम्ही विचारलं असतं, काय शिकलात. मग आम्ही काय सांगितलं असतं?"

"बरं, मग काय शिकलात?" त्यांनी सरांना नाही, दाराशी उभ्या असलेल्या मुलींना विचारलं. सविताने ओढणी नीट केली. तिचं इंग्रजी त्या क्षणी कुठे गेलं कोण जाणे. "सर, कापूस झाडाले लागते हे त्या लेकराइले मालूम नव्हतं. अन् पानी जास्त झालं म्हनून कोनी फेकते, हे आमाले मालूम नव्हतं. आता दोघाइले मालूम हाय."

प्रमुखांनी पीटरचं चित्र जवळ ओढलं. मग त्यांनी सरांना विचारलं, या उद्दिष्टापुढे किती टक्के लिहू? अख्खं सभागृह मनातल्या मनात शंभर म्हणत होतं. अध्यक्षांचे तर ओठ हलताना मी पाहिले. सरांनी बोटं मोजली. "एक वर्ग, एक शाळा, एक अळी. बारा टक्के, सर. त्याच्या वर जात नाही."

"बारा," प्रमुख म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. तुकडी चालू राहिली. समितीने शेरा दिला होता की अहवाल विश्वासार्ह आहे, फक्त बकऱ्यांचा बंदोबस्त व्हावा. सविता आता पांढरकवड्याच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि तिच्याही वर्गात म्हणे तीन रकाने असतात.

सर आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या जागी आलेल्या तरुण प्राध्यापकांनी कुठल्याशा परदेशी विद्यापीठाशी खराखुरा करार केला. तो चौकटीत लावून भिंतीवर टांगला आहे आणि सातव्या उद्दिष्टापुढे शंभर टक्के आहेत. सर तो पाहून आले. आनंद झाला म्हणाले, आणि झालाही असेल. थोड्या वेळाने म्हणाले, "पण फोन कोणाचा येत नाही."

रविवारी दुपारी ते अजून आमच्याकडे येऊन त्याच खुर्चीत बसतात. तुमचे सामने असतात, शिकवण्या असतात. इराला आता माझ्याशी बोलायला विषय शोधावा लागतो, ते मला कळतं, त्यात काही वावगं नाही. फोन आला तर सर लांबूनच हात हलवतात आणि तुम्हाला त्यांचं कपाळ दिसतं. नाही आला तर चहा घेतात आणि समोरून वहिनींची हाक येईपर्यंत थांबतात, "अहो, टॉवेल." गेल्या पाडव्याला टॉवेल शून्यावरच होता. त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "वहिनी, आपलं सातवं किती धरू?" मी म्हटलं, खरं ते धरा. त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "लेकरं मोठी होऊन राह्यली. बारावरच ठेवतो. उतरवत नाही."

यंदा कपाशी चांगली आहे, बोंडं धरली आहेत. परवा सर शेताकडे जाऊन आले. कडुनिंबाची एक फांदी तोडली आहे, पण रेंज तिथे अजून येते म्हणाले.