राणीचा झगा

दोमितिलाला गावात लहानथोर सगळे दोमीमावशी म्हणत, पण ती कुणाचीच मावशी नव्हती. नवरा वारला, भाऊ बार्सिलोनाला गेला. पहिल्याला परत येणं शक्य नव्हतं आणि दुसऱ्याच्या मनात नव्हतं. उरली इस्त्री, आणि इस्त्रीच्या टेबलावर तसबिरीतली स्पेनची जुनी राणी इसाबेल. मावशी तिच्याशी दिवसभर बोलायची. राणी ऐकून घ्यायची. पाचशे वर्षं तिला तरी दुसरं काय काम होतं?

सप्टेंबरच्या जत्रेत चौकात राणीचं नाटक व्हायचं. त्या कपड्यांची पेटी वर्षभर मावशीकडे असायची. रिकाम्या घरात तेवढंच एक बिऱ्हाड. नाटकात इसाबेल शपथ घेते, ग्रानादा शहर जिंकेपर्यंत आतला झगा बदलणार नाही. मग ती पिवळाधमक झगा दाखवते, सरदार नाकं दाबतात आणि अख्खा चौक हसतो. तो झगा कांद्याच्या सालांत उकळून पिवळा करायचं आणि जत्रेनंतर पुन्हा पांढरा करायचं काम मावशीचंच. राणीवरचा हा आळ खोटा आहे, असं ती मानायची. तरी सालं उकळायची. पण गेल्या वर्षी हसणाऱ्यांत तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. घरी आल्यावर तसबिरीकडे बघवेना.

या वर्षी राणीनं झगा दाखवला, तो दुधासारखा पांढरा. नाकं दाबून उभ्या सरदारांना कळेना, बोटं काढावीत की ठेवावीत. चौक गप्प.

दुसऱ्या दिवशी सातुरियो आला. हा गावचा पाववाला, आणि नाटकही त्याचंच.

"मावशी, झगा पांढरा कसा?"

"धुतला म्हणून."

"अगं, नाटकात राणी घाण आहे."

"नाटकात आहे. ती नव्हती."

"तुला काय माहीत? तिची पाठ चोळून द्यायला तू होतीस?" सातुरियोनं दाराच्या चौकटीवर हात ठेवला. "आणि एवढा पुळका कशाला? ही ज्यूंची आळी. याच उंबऱ्यावरून माणसं बोचकी घेऊन देशाबाहेर गेली, तिच्या हुकमानं. ते कुठल्या साबणानं धुणार?"

चौकटीत बोटभर तिरकी खोबण होती. त्या लोकांची कागदावर लिहिलेली प्रार्थना तिथे ठेवलेली असायची. मावशी लहानपणापासून तिच्यातली धूळ पुसत आली होती. ती हळूच म्हणाली, "ते तिनं केलं. मग नाटकात ते दाखव की. जे केलं नाही त्याला कशाला हसता?"

"ते दाखवलं तर जत्रेत बघायला कोण येईल?" सातुरियो खरंच विचारात पडला, पण फार वेळ नाही. "हे बघ, पुढच्या वर्षी सालं उकळणार असशील तर पेटी राहू दे. नाहीतर माझी बायको करील."

मावशीनं पेटीकडे पाहिलं. मग किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. पेटी जाताना जड आहे म्हणून सातुरियो कुरकुरला, तेव्हा तिनंच एक कडी धरली.

त्यानंतरचं वर्ष फार लांबलं. पेटीच्या जागी फरशीवर फिकट चौकोन उरला होता. मावशी त्यावर पाय द्यायची नाही, वळसा घालून जायची. राणीशी बोलणंही कमी झालं. त्या बोचकीवाल्यांचं तिनं एकदा विचारलं होतं. तसबीर नेहमीसारखीच गप्प राहिली, पण या वेळी मावशीला ते लागलं.

जत्रा आली. चौकातलं हसू तिला घरात बसून ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर कडीला गाठोडं. आत झगा, डागाळलेला, सातुरियोच्या बायकोनं कुठला तरी पक्का रंग वापरून वाट लावलेला. चिठ्ठी नाही, काही नाही. रस्त्यावर कुणी नव्हतं.

मावशीनं खोबणीतली धूळ पुसली. तसबिरीकडे न बघता पाणी तापत ठेवलं, आणि झगा त्या फिकट चौकोनावर पसरून डाग कुठे कुठे आहेत ते बघत बसली.