मागच्या सीटवरचे मामा

वऱ्हाडात मोटारसायकल या विषयातला शेवटचा शब्द माझ्या मधल्या मामांचा असतो, आणि माझ्या मधल्या मामांना मोटारसायकल चालवता येत नाही. लिहिण्यात माझी काही चूक झालेली नाही. अकोल्यात पाटबंधारे खात्यात त्यांनी चौतीस वर्षं कारकुनी केली, ती सायकलवर जाऊन-येऊन. क्लच कुठल्या हाताला असतो असं त्यांना आजही विचारलं तर ते आधी आपले दोन्ही हात बघतील. तरीही अकोल्यापासून धामणगाव रेल्वेपर्यंत पसरलेल्या आमच्या गोतावळ्यात कुणालाही आयुष्यातली पहिली गाडी घ्यायची असली, की सोयरीक पाहायला थोरल्यांना न्यावं तसं मामांना शोरूमला न्यावं लागतं. त्यांनी मान हलवली तर पेढे, नाही हलवली तर दुसरं शोरूम. हा अधिकार त्यांना कुणी आणि कधी दिला, याचा मी पुष्कळ तपास केला. आईला विचारलं तर ती म्हणाली, "थो पयलेपासूनच पाहून देते." झालं, संपला तपास.

आता हे जाणकार गाडी पाहतात कशी, तेही ऐका. खांद्याला कापडी पिशवी अडकवून मामा शोरूममध्ये शिरतात. विकणारा मुलगा इंजिनाबद्दल बोलायला लागला की हात वर करून त्याला थांबवतात. "ते राहू दे बापा. डबल स्टँडवर लाव." मग पिशवीतून घमेल्याएवढं जुनं हेल्मेट काढून डोक्यावर चढवतात, डाव्या बाजूनं पाय टाकतात आणि गाडीच्या मागच्या सीटवर बसतात. आपणहून पुढच्या सीटवर त्यांना बसलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही. मागं बसून दोन्ही हातांनी पाठीमागची दांडी धरायची आणि डोळे मिटायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. उभ्या गाडीवर, पंख्याखाली, हेल्मेट घालून, डोळे मिटून! अमरावतीत एकदा विकणाऱ्या मुलाला वाटलं की म्हाताऱ्याला चक्कर आली, म्हणून तो पाणी घेऊन धावत आला, तर मामांनी एक डोळा उघडून त्याला "अबे, पाहून राहिलो ना मी" असं झापलं. गाडी लिटरला किती जाते, ब्रेक कसले, टायर केवढं, यातलं एक अक्षर ते विचारत नाहीत. डोळे उघडायचे, खाली उतरायचं आणि एका वाक्यात निकाल द्यायचा. त्या निकालावर अपील नाही.

माझ्या थोरल्या भावानं कॉलेजात असताना एका लाल गाडीवर जीव टाकला होता. टाकी फुगलेली, मागची सीट वर उचललेली. मामा तिच्यावर बसले आणि डोळे मिटताच हळूहळू घसरत पुढच्या सीटवर येऊन थांबले. "हे गाडी नाई, घसरगुंडी हाय," असा निकाल लागला आणि भावाच्या नशिबी लांब सपाट सीटची काळी गाडी आली. दोन दिवस तो घरी जेवला नाही. त्याच्यानंतर आमच्या नात्यातल्या सगळ्यांना तीच गाडी मिळाली. सात घरांत सात गाड्या, सगळ्या काळ्या, सगळ्यांना मागं भक्कम दांडी आणि बाजूला साडी अडकू नये म्हणून लावतात ती जाळी; मग घरात साडी नेसणारं कुणी असो की नसो. धामणगावच्या एका लग्नात मांडवाबाहेर त्या सातही ओळीनं उभ्या होत्या. आमचे एक जावई त्यातली चुकीची घेऊन थेट बडनेऱ्याला पोचले, आणि घरी पेट्रोल पाहिल्यावर त्यांना कळलं की ही आपली नव्हे. जुन्या किल्ल्या झिजून झिजून एकमेकींच्या गाड्यांना लागायला लागल्या होत्या. लोक हसले. मी नाही हसले. सात माणसांच्या सात आवडी एका माणसानं डोळे मिटून मारून टाकल्या, यात हसण्यासारखं काय आहे?

मग माझी पाळी आली. अंजनगाव सुर्जीजवळच्या एका गावात आरोग्य उपकेंद्रावर मला कंत्राटी नर्स म्हणून घेतलं होतं. मी खोली घेतली अंजनगावात, आणि गावाला जाणारी एस.टी. पोचायची सव्वाअकराला. तोवर बाळांना लस टोचून घ्यायला आलेल्या बाया ओट्यावर बसून बसून वावरात निघून गेलेल्या असायच्या. दोन महिने आरोग्य खात्याच्या साहेबांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या महिन्यात म्हणाले, "एक तारखेपासून नऊच्या आत कुलूप उघडलं पाहिजे. नाही जमलं तर तुमच्या जागी दुसरी बाई पाहतो." आधीच्या नर्सबाईंनी त्या रस्त्यावर स्कूटी चालवून पाहिली होती. काळी माती त्या लहान चाकात अशी गच्च बसायची, की गाडी ढकलत नेण्यापेक्षा चालत गेलेलं बरं. म्हणजे मला मोटारसायकलच हवी होती, आणि तीही एक तारखेच्या आत.

मी काही आंधळेपणानं गेले नाही. भावाच्या गाडीवर मैदानात आठ दिवस गोल गोल फिरले, लायसन काढलं. माझी उंची पाच फूट एक इंच. भावाच्या त्या काळ्या धुडावर माझे नुसते चवडे टेकायचे, आणि थांबताना दर वेळी ते एका बाजूला कलंडायला बघायचं. तेव्हा मी वहीत लिहूनच काढलं होतं: नवख्या माणसाची गाडी अशी असावी की बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत, आडवी झाली तर आपली आपल्याला उचलता आली पाहिजे, क्लच हलका हवा आणि गाडी उगाच उसळणारी नको. अमरावतीच्या शोरूममध्ये तशी एक निळी गाडी मला सापडलीही. बसले, टाचा टेकल्या. तेवढ्यानं मला रडू यायचं बाकी होतं.

मामा मागं बसले. या वेळी त्यांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत. "वीतभर सीट हाय. याच्यावर बसते कोन, चिमनी?" असं म्हणून ते उतरले आणि कोपऱ्यातल्या त्याच ओळखीच्या काळ्या गाडीकडे निघाले.

"मामा, तिच्यावर माह्या टाचा टेकत नाईत."

"टाचा कायले टेकाले पायजे? तुले गाडी चालवाची हाय का तिच्यावर हुबं राहाचं हाय?"

"पडली तं मले उचलणार नाई ते!"

"मी हावो ना."

मी हावो ना! अकोल्यात बसून हे माझी गाडी उचलणार होते! माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांची ती काळी रांग डोळ्यापुढं आली, आणि जे आमच्या घरात कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं ते एकदम माझ्या तोंडून बाहेर पडलं. "मामा, आमच्या घरातल्या साऱ्या गाड्या तुमी तुमच्या बुडाच्या मापानं घेतल्या! चालवणाऱ्याचा इचार केला का कधी?"

मामांनी हेल्मेट काढलं, पिशवीत ठेवलं. "घे मंग तुह्या मनानं," म्हणाले आणि बसस्टँडच्या रस्त्याला लागले. गाडी पाहून झाली की त्यांना दह्यात भिजवलेला गिला वडा लागतो, त्याशिवाय ते अमरावती सोडत नाहीत. त्या दिवशी न खाता गेले. लागलं त्यांना, हे मला कळत होतं. पण मीही माझ्या बापाची लेक. मी निळी गाडी घेतली आणि दोन प्लेट गिला वडा एकटीनं खाल्ला.

एक तारखेला सकाळी साडेसातला दारात मामा उभे. खांद्याला पिशवी, पिशवीत हेल्मेट. अकोल्याहून पहिली गाडी पकडून आले होते. माझा राग अजून तसाच होता. "तुमी काहून आले?" मी विचारलं.

"काहून म्हंजे? पयल्या दिवशी मांगं कोन बसन?"

आणि बसले की! त्या वीतभर सीटवर अर्धे, उरलेले पाठीमागच्या दांडीवर. त्यांची दोन बोटं माझ्या खांद्यावर होती, धरल्यासारखी नाही, नुसती टेकलेली. मी निघाले. पहिले दोन किलोमीटर बरे गेले. आरशात पाहिलं तर हेल्मेटच्या आत मामांचे डोळे गच्च मिटलेले. पुढं रस्त्याचं काम चालू होतं आणि वळणावर गिट्टी पसरलेली. जो ब्रेक दाबायचा नाही नेमका तोच मी दाबला, आणि आम्ही तिघंही, मी, मामा आणि गाडी, शेजारच्या तुरीच्या वावरात गेलो.

मी धडपडत उठले. मामा तुरीत उताणे पडले होते, आणि हसत होते. "झालं! होऊन गेलं एकदाचं!"

"काय होऊन गेलं?"

"पडनं. आता भेव गेलं तुह्यं."

मला इतका संताप आला की मी सरळ जाऊन हँडल धरलं, मागची दांडी धरली आणि एका हिसक्यात गाडी उभी केली. एकटीनं. मामा उठून बसले आणि बघत राहिले. "उचलली वं तू," ते म्हणाले. मग बराच वेळ पायजम्याला लागलेली माती झटकत राहिले. "ते काळी राह्यली असती तं आपुन दुपारलोग इथंच बसलो असतो." हरल्याची कबुली मामांनी त्यांच्या आयुष्यात एवढी एकदाच दिली आहे, आणि ती मी जपून ठेवली आहे.

नऊला दहा कमी असताना मी उपकेंद्राचं कुलूप उघडलं. ओट्यावर तीन बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "आज लवकर आल्या जी!" मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तिघींची लेकरं टोचून झाल्यावर मी मामांना आत घेतलं आणि जखम पाहायला त्यांचा पायजमा वर सरकवला. नडगीवर जागा नव्हती. जुने डाग, नवे डाग, एकावर एक.

"हे काय मामा?"

"हा तुह्या भावाचा. बडनेऱ्याच्या फाटकापाशी पाडलं होतं त्यानं. हा बडनेऱ्याच्याच आपल्या जावयाचा. हा लंबा हाय ना, हा माह्या पोट्ट्याचा, भल्लं दुखलं होतं." वंशावळ सांगावी तसं ते सांगत होते. सात गाड्यांच्या पहिल्या दिवशी, चालवणाऱ्याला काहीही येत नसताना, हा माणूस मागं बसला होता. रुंद सीट, भक्कम दांडी, जाळी, हे सगळं त्यांनी स्वतःच्या मापानं घेतलं यात माझी काही चूक नव्हती. पण कशासाठी घेतलं, ते विचारायची बुद्धी मला झाली नव्हती. भर शोरूममध्ये काय बोलले मी त्यांना! लाज वाटली, मनापासून वाटली.

"भेव नाई लागत का तुमाले?"

"लागते ना. म्हनून तं दुकानात डोये मिटून पाहातो. डोये मिटून बसता आलं तं गाडी चांगली."

"मंग बसताच कायले?"

"पोट्टं एकटं पडलं का घाबरते. दोघं पडले का हासू येते."

एवढं बोलून झालं आणि त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या धनुर्वाताच्या सुईकडे गेलं. "सुई नको वं माय!" म्हणत ते जे उठले, ते ओट्यापर्यंत गेले. शेवटी त्या तिघी बायांनी समजूत घालून त्यांना परत आणलं.

याला आता आठ वर्षं झाली. निळी गाडी अजून माझ्याकडं आहे आणि कुलूपही रोज मीच उघडते. यंदा डॉक्टरांनी मामांचे गुडघे पाहिले आणि दुचाकीवर बसायचं नाही म्हणून सांगितलं. नेमकी यंदाच त्यांच्या नातीला नोकरी लागली, आणि तिला गाडी घ्यायची होती. मामांनी मला अकोल्याला बोलावून घेतलं. शोरूममध्ये ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, मांडीवर पिशवी. पोरीनं एक गाडी निवडली, तिच्या टाचा टेकल्या. मामांनी पिशवीतून हेल्मेट काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

मी मागं बसले. डोळे मिटले. आणि काय सांगू, माझ्या अंगाचा तिळपापड झाला! ही काय सीट आहे? ही काय दांडी आहे, धरायची की नुसती बघायची? मागं माणूस बसतो हे या गाड्या बनवणाऱ्यांना कुणी सांगत नाही का? मी त्या विकणाऱ्या मुलाला असं फैलावर घेतलं की तो पाणी आणायला पळाला. खुर्चीतून मामा म्हणाले, "टाचा टेकते ना पोरीच्या? मंग राहू दे." तिला आपल्या मनानं घेऊ दे, असं मामांच्या तोंडून ऐकायला आमच्या घराला इतकी वर्षं लागली.

पहिल्या दिवशी सकाळी पोरगी पुढं बसली, मी मागं. तिच्या खांद्यावर मी दोन बोटं टेकवली. मामा घराच्या फाटकापाशी येऊन उभे होते, मागच्या दांडीवर हात ठेवून. "आत्या, बसली का नीट?" पोरीनं विचारलं. "डोये मिटजो," मामा हळूच माझ्या कानाशी म्हणाले. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "चाल." गाडी हलली. दांडीवरचा मामांचा हात थोडं अंतर आमच्याबरोबर आला, आणि तो सुटला तेव्हा मागं न बघताही मला ते कळलं.