गरम पाण्यातल्या कुर्ल्या

त्या दुपारी मी आणि बायकोने कुर्ल्यांच्या डब्यांवर सावलीला नारळाच्या झावळ्या टाकल्या. एकत्र केलेलं ते शेवटचं काम. ओहोटी होती. खाडीकाठच्या आमच्या तळ्यात गुडघाभर पाणी उरलेलं, तेही आंघोळीला काढल्यासारखं गरम.

एका डब्यात एक खेकडा, असं आमचं पालन. डबा उघडायचा, कुर्ली उलटी धरायची, ही तिची रीत. पाय आखडले तर बरी, लोंबले तर संपली. त्या दिवशी एकीचा पाय तुटला. बऱ्या कुर्लीचं निळसर रक्त तुटल्या जागी चिकासारखं घट्ट होतं. हिचं पाण्यासारखं गळतच राहिलं. मागे खेकडापालन शिकवायला एक साहेब आला होता. पाणी तापलं की खेकड्याच्या रक्तातली रोगाशी झुंजायची ताकद जाते, आणि गरम पाण्यात रोगाचे जंतू वाढतात, मग साधा रोगही त्याला पुरतो, असं म्हणाला. मी ऐकून सोडून दिलं. तिने मात्र तेव्हापासून झावळ्या विणायला घेतल्या.

ती कुर्ली परत ठेवताना कुर्लीचा काटा बायकोच्या बोटात शिरला.

"तुज्या बोटाचा बघ गो आधी," मी म्हटलं.

"माका काय जाता? तुमी आनी ह्यो कुर्ल्यो, सगळ्यांचा माकाच बघूक व्हया."

हसली, बोट पदराला पुसलं आणि पुढचा डबा उघडला.

तिला शुगर होती. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला. कुडाळला नेली. डॉक्टर म्हणाला, अंगात झुंजायची ताकदच उरली नाही. हे मी आधी ऐकलेलं होतं. ती तिथेच गेली.

लोक म्हणतात, वेळ आली होती. वेळ कसली? पाणी तापलं होतं.

संध्याकाळी तिला जाळून आलो. सुतकात तळ्यावर जाऊ नको, असं भावकीने बजावलं. सकाळी उठलो आणि गेलो. झावळ्या वाळून कडक झालेल्या, त्या भिजवायची तीच. एकेक डबा उघडला, कुर्ली उलटी धरली. बहुतेकींचे पाय लोंबले. त्या बांधावर टाकल्या, कावळ्यांनी नेल्या. थोड्यांनी पाय आखडले, त्या खाडीत सोडल्या. त्या जगाव्यात म्हणून नाही. आता कोणाला जपायला नको, म्हणून.

खाडीचं पाणीही हाताला कोमटच लागलं.