डबा मेला तरी

दिलीप गेल्याचा फोन आला तेव्हा मी मांडव्याच्या जेट्टीवर पाहुण्यांची वाट बघत होतो. पाहुणे उतरले, मी हसून त्यांच्या बॅगा उचलल्या आणि घरी येऊन मग रडलो...

दिलीप माझा शाळेपासूनचा मित्र. मुंबईत प्रोग्रामिंग करायचा आणि किहीमला आला की माझ्या घरगुती लॉजच्या काउंटरवर बसून फुकटचा चहा पीत फुकटचे सल्ले द्यायचा. आमच्या बुकिंगचे प्रोग्राम त्यानंच लिहिले. एक नाही, दोन! पहिला काउंटरवरच्या संगणकाच्या कंपनीच्या स्वतःच्या रनटाइमवर, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या आतल्या यंत्रणेवर, चालायचा. बिलाच्या प्रिंटरशी त्याचं छान जमायचं. दुसऱ्याचा रनटाइम कुठल्याही कंपनीच्या संगणकावर बसायचा. बुकिंग मात्र दोघांचं एकच, इंटरनेटवर साठवलेलं.

"एका कामाला दोन कशाला?" मी विचारलं.

"गॅस आला म्हनून तुझ्या आयेनं मागच्या दारची चूल मोडली का रं? प्रिंटरला हा पहिला बरा, पन तो ह्याच कंपनीच्या संगणकाच्या डब्यात जगतो. आन् आपल्या खाऱ्या हवेत डबे टिकतात कुठं?"

पहिला प्रोग्राम रोज सकाळी उघडला की पडद्यावर ओळ यायची, 'बाळ्या, चहा घेतलास का?' बायको म्हणायची, "माझ्याआधी हाच विचारतो." दिलीप गेल्यावरही ती ओळ येत राहिली, आणि मी रोज तिला उत्तर देत राहिलो.

गेल्या आठवड्यात ऐन सुट्टीच्या गर्दीत तो संगणक बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं आतला हिरवा गंज दाखवला. "न्हाय व्हायचा काका." पाहुणे दारात खोळंबले होते, पण मला धास्ती त्या ओळीची होती. ती पुन्हा लिहायला आता दिलीप नव्हता. शेवटी मुलीनं तिचा लॅपटॉप आणला, वेगळ्याच कंपनीचा. त्यावर तिनं कुठंही बसणारा तो रनटाइम आणि दिलीपनं इंटरनेटवरच ठेवलेला दुसरा प्रोग्राम घातला. मी तो कधी उघडलाच नव्हता. सगळ्या खोल्या, सगळी नावं जशीच्या तशी आली. बिलं तेवढी हातानं लिहावी लागली. पण त्याआधी पडद्यावर आलं, 'बाळ्या, डबा मेला वाटतं. असू दे. आधी चहा घे.'

मी पाहुण्यांसमोर खो खो हसलो आणि डोळे पुसत आत चहा सांगायला गेलो.

आता जुन्याच कंपनीचा नवा संगणक आलाय. जुन्याच्या डिस्कमधून वाचवलेला पहिला प्रोग्राम प्रिंटरसाठी त्यावर आहेच. पण सकाळी मी दुसराच आधी उघडतो, आणि डबा धडधाकट असला तरी त्याचं ऐकतो.