अडखळणाऱ्या बसची तपासणी

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी साडेनऊ. बिबवेवाडी, आईबाबांचा फ्लॅट.
हजर: बाबा, आई, मी. फोनवर अधूनमधून: भाऊ, बंगळुरूहून.

वहीत एवढं लिहून मी खाली रेघ मारली. ऑफिसात मीटिंगच्या नोंदी माझ्याकडेच असतात, त्यामुळे घरीही हात तसाच चालतो. त्या दिवशीचं काम एकच होतं. बाबांच्या कॉम्प्युटरवरचा बसचा गेम अडखळत होता; का, ते शोधायचं.

बाबा शहर बसवर ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतरही स्कूटर, गाडी सगळं चालवत. मागच्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. हातपाय बरेच सावरले, पण डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, डाव्या हाताला रोज काम द्या. माझ्या मुलीचा गेम खेळायचा जुना डेस्कटॉप कोथरूडला आमच्या घरी पडून होता. तो मी इथे आणला, टेबलाला अडकवायचं स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल घेतले आणि बस चालवायचा गेम त्यात घालून दिला. तेव्हापासून नाश्ता झाला की बाबा ड्यूटीवर जातात. पायात बूट घालूनच बसतात.

गुरुवारी त्यांचा फोन आला. एरवी फोन आई करते.

"बस मध्येच अडखळते," ते म्हणाले. "रस्ता थांबतो आणि मग एकदम पुढचाच रस्ता येतो."

"रविवारी येऊन बघते."

"बघ. बस अडखळते की मी, तेवढं बघ. आईला बोलू नकोस."

मी तेव्हा हिंजवडीहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होते. काही वाटलं का, ते सांगता येणार नाही. मोबाइलवर रविवारच्या कामांत एक ओळ वाढवली आणि खिडकी लावून घेतली.

तपासणीचा नियम मी आधीच ठरवला होता. एका वेळी एकच बदल करायचा, मग बाबांनी पंधरा मिनिटं तोच मार्ग चालवायचा, मग नोंद. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा दिसायची सोय मी चालू केली. सेकंदाला किती चित्रं उमटतात, तो आकडा. साठच्या आसपास असला की रस्ता सलग दिसतो. विसाच्या खाली गेला की धक्के बसतात.

पहिली फेरी, काहीही न बदलता. आकडा चाळिसावर होता. मग तीस, मग सतरा. चौकातलं चित्र थिजलं आणि बस एकदम सिग्नलच्या पलीकडे उमटली.

"दिसलं?" बाबांनी विचारलं.

"दिसलं. आकडाही पडला."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले.

मागे चालू असलेले प्रोग्राम मी बंद केले. फरक नाही. डिस्कवर जागा होती. भावाला फोन लावून तो स्पीकरवर ठेवला.

"नवा घ्या आता," भाऊ म्हणाला. "तो डबा किती दिवस ओढणार? ड्रायव्हर तरी अपडेट केलास का?"

"ड्रायव्हर पंच्याहत्तरीला आलाय," बाबा म्हणाले. "त्याच्यात आता काय नवीन घालणार?"

"बाबा, मी ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचं, सॉफ्टवेअरचं म्हणतोय."

"मला कळतं. तू तिथून सल्ले दे, इथे ताई काम करते आहे."

अपडेट केला. थोडा फरक. मग वीज वापराची सेटिंग उघडली. तिथे 'बचत' निवडलेलं होतं, म्हणजे मशिनला अर्ध्या ताकदीनेच चालायचा हुकूम होता.

"हे कोणी केलं?"

"मी," बाबा म्हणाले. "बचत लिहिलं होतं म्हणून दाबलं. आमच्या डेपोत डिझेल वाचवणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहायचे. माझं बरेचदा असायचं."

"अहो, इथे कुठला फळा?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि इतकी वर्षं खरी बस चालवली तेव्हा कोणी बघायला आलं नाही. आता खोट्या बसला इन्स्पेक्टर आलेत."

सेटिंग बदलली. आकडा साठावर गेला आणि तिथेच राहिला. मी वहीत बरोबरची खूण केली. बाराव्या मिनिटाला तो पुन्हा घसरला.

उशिराने घसरतोय म्हणजे मशिन तापत असणार, एवढं मी वाचून आले होते. टेबलाखाली वाकले. कॅबिनेटवर आईने शिवलेलं कव्हर होतं. पडद्याच्या उरलेल्या कापडाचं, खाली झालर, पुढे बटणापुरतं काज केलेलं आणि मागे वायरींसाठी चीर. हात लावला तर इस्त्री ठेवल्यासारखं कापड गरम होतं. या घरात मिक्सरला कव्हर आहे, फ्रिजच्या हँडलला आहे, रिमोटला तर प्लास्टिकचं आहे. त्यामुळे येताजाता ते माझ्या नजरेत आलंच नव्हतं.

"आई, हे चालू असतानाही घालतेस?"

"चालू असतानाच तर ते धूळ ओढतं," आई हात पुसत आली. "बंद असताना कशाला घालू?"

तिच्या बोलण्यात चूक काढण्यासारखं फारसं नव्हतं. फक्त मशिनला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. मी कव्हर काढलं, मशिन बंद करून बाजूचा पत्रा उघडला, पंख्यांवरची धूळ ब्रशने झाडली, पत्रा लावला. आईने कव्हरची घडी घातली आणि आत नेली.

शेवटची फेरी अकरा दहाला सुरू झाली. पंधरा नाही, तीस मिनिटं चालवा, म्हटलं. आकडा साठ. दहा मिनिटं, वीस मिनिटं, साठ. बाबा मजेत होते. समोरून चुकीच्या बाजूने आलेल्या मोटारीला त्यांनी "या, आत्याबाईंच्या लग्नाला निघालात का?" असं विचारलं. आता आकडा हलणार नाही याची मला खात्री झाली होती, म्हणून मी पहिल्यांदाच स्क्रीन सोडून त्यांच्याकडे बघत होते.

तेविसाव्या मिनिटाला त्यांचे हात थांबले. डोळे उघडे होते. ओठ किंचित हलत होते, काही चघळल्यासारखे. पेडलवरचा पाय तसाच. बस सलग, अजिबात न अडखळता, डावीकडे सरकत फुटपाथवर चढली. मी मनात मोजलं. चार सेकंद.

मग त्यांनी स्टिअरिंग झटक्यात फिरवलं. "बघ, पुन्हा अडखळली," ते म्हणाले. "दिसलं?"

कोपऱ्यात साठ होते.

"दिसलं," मी म्हटलं.

"म्हणजे थोडं राहिलंय अजून."

"हो. थोडं राहिलंय."

"पण मशिनच आहे ना?"

आई दारात उभी होती. "झाला का नीट एकदाचा?" तिने विचारलं. "पानं घेऊ का?"

"घे," मी म्हटलं. बूट काढून बाबा हात धुवायला गेले. आम्ही मटकीची उसळ, पोळी, ताक जेवलो. उसळीत मीठ कमी होतं असं आई म्हणाली. मला कळलं नव्हतं.

जिन्यात उभी राहून मी मेंदूच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला. रविवार असल्यामुळे कोणी उचलला नाही. सोमवारी ऑफिसातून केला. गुरुवारी अकराची वेळ मिळाली. फोनवरच्या बाईंनी लक्षणं विचारली, ती मी क्रमाने सांगितली: किती सेकंद, डोळे उघडे, ओठांची हालचाल, नंतर आठवत नाही. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे फाइलला लावले. गुरुवारची रजा टाकली. आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना तूच सांग. माझं ऐकायचे नाहीत." भावाला मेसेज केला. त्याने यायचं तिकीट काढलं.

बाबांना वाटतंय, गुरुवारी नेहमीची तपासणी आहे. काल रात्री फोनवर ते म्हणाले, मशिनचं राहिलेलं काम कधी करतेस? मी म्हटलं, बघते.

आज बुधवार. यादीतल्या आठपैकी सात कामं झाली आहेत. बाबांना सांगायचं राहिलं आहे.