न्हाणीतला पाट

तारनाक्याच्या आमच्या घरात न्हाणीत एक लाकडी पाट असे. तो बसायला नव्हता. भिंतीतल्या एक्झॉस्ट फॅनला हात लावायचा तर त्यावर उभं राहायचं, कारण फॅनच्या लोखंडी जाळीला करंट येई. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला हे सांगितलं, कुळाचार सांगावा तसं. मी एम.ए. झालेली, पुस्तकांतल्या तळटीपाही न सोडणारी. अकरा वर्षं मुकाट्याने पाटावर चढत राहिले. करंट का येतो, हे एकदाही विचारलं नाही.

गेल्या वर्षी पाट ओलीने कुजायला लागला, म्हणून मी तो गच्चीत वाळत ठेवला. त्याच सकाळी फॅन अडकला. नवऱ्याने नेहमीसारखी ओल्या हाताने जाळीवर चापट मारली. आम्ही मेन स्विच बंद करून त्याला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं.

स्मशानातून परतलेले नातेवाईक त्याच न्हाणीत आंघोळीला गेले. मेन स्विच अजून बंदच होता, तरी आत जाण्याआधी प्रत्येकाने पाट मागून घेतला. त्यांत दोन इंजिनिअर होते. अंग पुसत बाहेर आलेले दीर म्हणाले, "वहिनी, पाट वाळत घालायला तुम्हाला आजचाच दिवस सापडला?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फॅनकडे कुणी पाहिलं नाही.

तेव्हापासून सासूबाई न्हाणीत पाऊल ठेवीनात. ब्याऐंशीव्या वर्षी मागच्या गॅलरीत साडीचा आडोसा करून, वाऱ्यात कुडकुडत अंग पुसून घेत. त्यांना पुन्हा आत नेता आलं पाहिजे, एवढं एकच काम मला उरलं होतं.

मी वाचायला बसले. बारा व्होल्टवर चालणारा फॅन मिळतो, त्याचा ट्रान्सफॉर्मर न्हाणीच्या बाहेर बसवायचा असतो, म्हणजे ओल्या हाताजवळ घरातली मोठी वीज येतच नाही, हे समजायला मला एक दुपार पुरली. अकरा वर्षांत ती एक दुपार मला काढता आली नव्हती.

हिमायतनगरच्या दुकानदाराने साधाच फॅन पुढे सरकवला. "सब येइच लगाते, मॅडम."

"म्हणून तर नको," मी म्हणाले.

इलेक्ट्रिशियन आला तो हसतच. "बारा व्होल्ट में मच्छर भी नै मरता, हवा क्या खींचेगा?" जुना फॅन उतरवल्यावर अर्थिंगची हिरवी तार दिसली, कापून भिंतीत कोंबलेली. जाळीत येणारा करंट जमिनीत नेणारी तारच कुणीतरी तोडून टाकली होती. त्याला त्याचं काही वाटलं नाही. "नल के पाइप को जोड देतूं. ट्रान्सफॉर्मर बी अंदरीच ठोक देतूं, शॉवर के ऊपर."

म्हणजे आता नळालाही करंट. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. दुसराही तसाच निघाला. तिसरा कमी बोलणारा होता. त्याने अर्थिंग नव्याने केलं, ट्रान्सफॉर्मर बाहेरच्या पॅसेजमध्ये लावला. गीझर तर मोठ्या विजेवरच राहणार होता, म्हणून मेन बोर्डात करंट गळताच वीज तोडणारा स्विच बसवला. त्याचं टेस्टचं बटन मी स्वतः दाबून पाहिलं. खटकन सगळ्या घराची वीज गेली. इतकं समाधान मला वर्षभरात मिळालं नव्हतं.

दीर बघायला आले. "एवढं सगळं कशाला? नवा पाट आणला असता." जुना पाट मी आधीच भंगारवाल्याला दिला होता, आणि तोही घ्यायला कुरकुरला होता.

दुसऱ्या दिवशी सासूबाई दाराची चौकट धरून, बऱ्याच वेळाने आत गेल्या. मी बाहेर उभी राहिले. फॅन हलकेच घरघरत होता.

"अगं, पाट कुठाय?"

"आता लागत नाही, आई."

नळ सुरू झाला. मग पुन्हा बंद झाला.

"हे असं करता येत होतं?" त्यांनी आतून विचारलं. "तेव्हाही?"

"हो," मी म्हणाले.

नळ पुन्हा सुरू व्हायला फार वेळ लागला.