उतारावरचा ट्रॅक्टर आणि माझे काळे हात

मंडळी, अजून काळ्याच असलेल्या बोटांनी हा मेल लिहितेय. कीबोर्डचं काय व्हायचं ते होवो!

आमच्या संस्थेच्या शेतावरचा छोटा ट्रॅक्टर महिनाभर निळा धूर ओकतोय. मिस्त्री शुक्लाजी आज म्हणाले, "मैडम, इंजन तेल पी रहा है, खोलना पड़ेगा." इंजिन खोललं की पंधरा दिवस गेले, म्हणजे माझी गव्हाची पेरणी बोंबलली. म्हटलं, आधी मी तेल बघते.

"रहने दीजिए मैडम, ये लेडीज़ का काम नहीं."

झालं, माझं डोकंच फिरलं.

बॅटरी कमजोर, म्हणून ट्रॅक्टर रोज उतारावर लावतात. ढकलला की सुरू होतो. आणि हे लोक तेलही तिथेच बघतात! तिरक्या इंजिनात तेल एका बाजूला जातं, तेल मोजायच्या पट्टीवर कमीच दिसतं. मग रोज थोडं ओतायचं!

मी ट्रॅक्टर सपाट जागेवर आणवला, दहा मिनिटं थांबले, पट्टी पुसून बुडवली. तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर! जास्तीचं तेल जळत होतं, धूर त्याचाच.

इंजिन कोमट होतं तोवर खालचा बोल्ट काढून सगळं तेल काढलं, फिल्टर बदलला, नवं तेल मापात भरलं. थोडा वेळ चालवल्यावर धूर थांबला.

शुक्लाजी एवढंच म्हणाले, "हाथ काले कर लिए आपने."

इंजिन खोलायच्या मंजुरीचा कागद टेबलावर माझ्या सहीसाठी पडला होता. मी त्याला हात पुसले.

तुम्ही सही केली असतीत?